पत्रिकेला कागद कुठला?

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

"शीशे जैसा होना चाहिए, मैडम, शीशे जैसा!" — गुडगावचा बिल्डर. एकशेसत्तर जीएसएमचा आर्ट पेपर दाखवला, त्यावर ग्लॉस लॅमिनेशन दाखवलं, तरी समाधान नाही. मी त्याची साइट पाहून आलेय. ब्रोशरमध्ये जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे अजून बाजरी उभी आहे! घरं जितकी कागदावरच, तितका कागद चकचकीत — नोएडाच्या या ऑफिसात दोन वर्षं काढून मला सापडलेला नियम. इशिताला सांगितला. बॉस असून खो खो हसली. "कल्पना, प्लीज, हे क्लायंटला सांगू नको हं!"

संध्याकाळी विनयचा फोन. १५ डिसेंबरचा हॉल मिळाला. रविवार, सकाळी अकरा. आमचं लग्न ठरलं ठरलं म्हणत होते, ते आता खरंच ठरलं. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय? पत्रिकेला कागद कुठला! कमाल आहे माझी.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. आत नुसत्या लग्नपत्रिका — अमरावतीच्या, नागपूरच्या, नांदेडच्या, इथल्या दिल्लीतल्या. नमुना बघायला म्हणून काढल्या. पण एवढ्या ठेवल्या कशाला? तर प्रत्येकीवर वरती बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. "टाकायच्या कशा?" बाबा म्हणाले. खरंच की. रद्दीवाल्याला द्यायच्या? त्यात कुणी भजी बांधली म्हणजे?

मांडी घालून बसले आणि एकेक पाहिली. काय मजा आहे! जुन्या साध्या पिवळट कागदावरच्या, पण शाई अजून काळीभोर. मधल्या जाड पुठ्ठ्याच्या, घडीवर तडकलेल्या. नव्या चकचकीत आर्ट कार्डाच्या — त्या कूलरच्या दमट हवेने एकमेकींना चिकटल्यात. एक सोडवायला गेले तर नवऱ्या मुलाचं नावच सोलून निघालं. आई म्हणाली, "अगं, सुखाने नांदतायत गं दोघं, ओढू नकोस."

तेव्हाच सुचलं. तसबिरी नकोतच. पिंपळाचं पान घालू — बोधिवृक्षाचं. पत्रिका पुढे कुठेही गेली तरी मनाला लागणार नाही. बाबांना पटायला वेळ लागला. चष्मा काढला, पुसला, घातला. "पान चालेल. पण निळं हवं. आणि वर 'नमो बुद्धाय' ठसठशीत."

हो म्हटलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

इशिताकडे गणपती. ऑफिसातून सगळे मयूर विहारला गेलो. तिची आई, वैजयंतीकाकू, दारातच उभ्या. काका गेले चार वर्षांपूर्वी, भिंतीवर फोटो आहे. ते इथलेच, काकू लग्न होऊन महाराष्ट्रातून आलेल्या. काकू गमतीने म्हणाल्या, "यांच्या घरचे पानिपतावरून परत गेलेच नाहीत म्हणतात. इथेच राहिले, नोकऱ्या धरल्या."

मग इशितानेच विषय काढला. त्यांच्याच जिन्यात वरचा फ्लॅट त्यांचा आहे, रिकामा. "आई, कल्पनाला देऊ या ना! लग्नानंतर सीधे इथेच येतील. बिल्कुल आपल्या डोक्यावर." काकू माझ्याकडे बघत होत्या. "आपली माणसं असली तर मला बरंच आहे."

आपली!

लगेच प्रश्न सुरू. गाव कुठलं? अमरावती. अमरावतीत कुठं? स्टेशनजवळ, म्हटलं. स्टेशनच्या कुठल्या अंगाला? मी मोदक तोंडात कोंबला. लग्न किती वाजता? अकराला. "अकरा वाजून किती मिनिटांनी?" हॉल अकराला मिळतोय ना काकू! मुहूर्त कुणी काढून दिला? इतक्यात आरती सुरू झाली, सुटले.

पण घर काय सुरेख! बाल्कनीतून झाडं दिसतात. बाबा जूनमध्ये रिटायर होणार, सरोजिनी नगरचं हे क्वार्टर सोडावं लागणार. मग आई-बाबा आमच्याकडेच. विनय गेला महिनाभर घरं शोधतोय. एका ठिकाणी आडनाव विचारलं, मग गाव, मग जात सरळच. मग "फॅमिली में ही किसी को देना है जी." आणि इथे न मागता घर समोर आलंय!

ऑफिसात कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या आडनावावरून दिल्लीवाल्यांना काही बोध होत नाही, आणि इशिताला सगळी मराठी आडनावं सारखीच वाटतात. बाबा नेहमी सांगतात, "मी मिनिस्ट्रीत पोचायच्या आधी माझी फाइल पोचली होती." पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक. प्रायव्हेटमध्ये तशी फाइल नसते. या घरातली मी पहिली, जिच्याबद्दल बाहेर कुणाला काही ठाऊक नाही. याचा आनंद मानायचा का, ते मी ठरवलेलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

चावडी बाजार! तिथे मला सोडलं तर मी जेवायलाही येणार नाही. गल्लीभर कार्डंच कार्डं. मखमली, सोनेरी, वासाची. एक तर उघडली की गाणं म्हणते. विनय म्हणाला हीच घे, भाषण वाचेल.

कागदवाले लालाजी प्रत्येक कागदाला "इम्पोर्टेड है जी" म्हणतात. एकाच्या रीमवर आपल्याच मिलचा शिक्का होता. दाखवला तर म्हणाले, "हां तो, डिज़ाइन इम्पोर्टेड है." पण कोपऱ्यात एक गठ्ठा निघाला, हातकागदाचा. चिंध्या भिजवून, कुटून केलेला. मऊ, जाड, कडा दातेरी. "पानीपत की कतरन है, खड्डी वालों की." पानिपतच्या हातमागांवरच्या चिंध्या. म्हणजे पानिपताहून काहीतरी परत आलं म्हणायचं! गालाला लावून बघितला. विनयने दुकानात ओळख नसल्यासारखं केलं.

नमुने आणलेत: आर्ट कार्ड, मॅट कार्ड, आयव्हरी, बाँड, हातकागद. बाबांनी सगळे चाचपले आणि म्हणाले, "फुलस्केपमध्ये नाही मिळत का?" बाबांच्या जगात कागदाचा आकार एकच.

२२ सप्टेंबर, रविवार

आज ताटात पाणी घेऊन कागदाच्या पट्ट्या भिजवल्या. कागदाला अंग असतं — उभं किंवा आडवं. ओला केला की तो एकाच बाजूने वळतो, दुसऱ्या बाजूने नाही. त्या अंगाने घडी घातली तर सुरेख बसते, उलट घातली तर कडेला फुटते. ट्रंकेतल्या त्या तडकलेल्या पत्रिकांचं हेच झालं होतं! इतकं बरं वाटलं कळल्यावर.

हातकागद मात्र कुठल्याच बाजूला वळेना. त्याला अंगच नाही. चाळणीवर धागे कसेही पडतात म्हणून. त्याच्याकडे बघत राहिले. आई आली, "ताट दे, पोळ्या लाटायच्यात."

२६ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं! शाईच नको. नुसता ठसा! पितळेचा ब्लॉक करायचा, कागदावर दाबायचा — पान आणि 'नमो बुद्धाय' दोन्ही कागदातूनच वर उठतील, पांढऱ्यावर पांढरं. समोरून बघितलं तर कोरं. उजेडात तिरकं धरलं की दिसणार. बिल्डरच्या लेटरहेडला हे केलं होतं, काय श्रीमंत दिसलं होतं! यासाठी कागद मऊ आणि जाड हवा. म्हणजे हातकागदच. आकार ए-फाइव्ह, मधे घडी. वरती शीर्षकसुद्धा नको. 'शुभविवाह' आपण लिहीत नाही, 'मंगल परिणय' लिहिलं की जाणत्याला कळतं. काहीच नको. नुसती नावं, तारीख, पत्ता, करड्या अक्षरात. मॉडर्न!

एकच पत्रिका सगळ्यांना. घरच्यांना पान आहे. बाकीच्यांना सुंदर कोरा कागद आहे.

इशिता वेडी झाली बिनशाईच्या ठशाच्या कल्पनेवर. "ये तो क्लासी है, यार!"

३० सप्टेंबर, सोमवार

ब्लॉक आला. पानाच्या शिरासुद्धा उठतायत. दिवसभर बोट फिरवत होते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांना नमुना दाखवला. ते ऑफिसातून येऊन चहा पीत होते. हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला. "छापायचं राहिलंय का?"

मी त्यांचा हात धरून खिडकीशी नेलं, कार्ड तिरकं केलं. दिसलं त्यांना. मी बडबडत होते — ठसा, कागद, परदेशी लोक कसं करतात. अंगठ्याने अक्षरं चाचपली त्यांनी.

"छान आहे," म्हणाले. "असलेलं नसल्यासारखं केलंस."

आणि कप घेऊन आत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, माझ्याकडे उत्तरं तयार होती. आई हळूच म्हणाली, "दोन प्रकारच्या छाप ना. आपल्या लोकांना निळी, ऑफिसला ही. सगळेच करतात." हे तर त्याहून वाईट वाटतं. का वाटतं? दोन्हींत फरक काय आहे? कळत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

काकूंकडे गेले नमुना घेऊन. फ्लॅटचंही पक्कं करायचं होतं. इशिता बाजारात गेली होती, आम्ही दोघीच. काकूंनी कार्ड हातात घेतलं. आणि मला त्याच क्षणी कळलं मी काय गाढवपणा केलाय!

"गणपती नाही?" काकूंनी विचारलं.

कुठल्याही मराठी हिंदू घरची पत्रिका घ्या, सगळ्यांत वर गणपती. खाली कुलदेवता. 'शुभविवाह'. मुहूर्त अमुक वाजून तमुक मिनिटं. माझ्या पत्रिकेवर यांतलं एकही नाही, आणि वेळ ठोक अकरा! मी पान लपवायला इतकी धडपडले, आणि जे नाहीच आहे ते ओरडून सांगतंय. दिल्लीत वाढलेल्या इशिताला कळलं नाही. मराठी मुलखातून आलेल्या बाईला कळणारच. महिनाभर कागदाकडे बघतेय, आणि हे दिसलं नाही मला!

काकूंनी कार्ड खिडकीकडे नेलं. न सांगता तिरकं धरलं. अंगठा फिरवला.

"पिंपळाचं?"

"हो. म्हणजे — डिझाइन म्हणून."

डिझाइन म्हणून! माझी जीभ झडली कशी नाही.

"असंच छापणार?"

"हो."

"बरं." कार्ड परत दिलं. चेहरा एकदम मिटला. फ्लॅटचं विचारलं तर, "बघू. इशिताशी बोलते." चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.

बसमध्ये रडू आलं. घर गेलं म्हणून नाही. "डिझाइन म्हणून" म्हणाले म्हणून.

७ ऑक्टोबर, सोमवार

घरी सांगितलं नाही. बिल्डरचं ब्रोशर छापून आलं. त्यात तोंड दिसतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

विनयला सांगितलं. सरोजिनी मार्केटमध्ये, स्वेटरच्या ढिगासमोर. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "माझ्या सर्व्हिस बुकात जात पहिल्या पानावर आहे. मला हा प्रश्नच कधी पडला नाही. तुला पडला, तर तू सोडव. मी दोन्ही पत्रिकांवर नवराच आहे."

"आणि घर?"

"घर बघू की. दिल्लीत काय एकच जिना आहे?"

मग एक भयंकर पिवळा स्वेटर घेतला. मला आवडला हा मुलगा. स्वेटर नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

निळं छापायचं, सगळ्यांना एकच. ठरलं.

पण आता हातकागद हट्ट करतोय! ऑफसेटवर चालत नाही, मशीन अडकतं. शाईच्या पेनाने लिहून पाहिलं तर अक्षराला पाय फुटले. चिंधीच शेवटी, पिऊन टाकते. गुळगुळीत आयव्हरी कार्ड घेतलं तर निळं झकास येईल, पण मग ठसा उठत नाही आणि मला हा कागद सोडवत नाही. रस्ता आहे: स्क्रीन प्रिंटिंग. जाळीतून घट्ट शाई ओढायची, ती वरच बसते, मुरत नाही. निळा कुठला? बाबांना पाच छटा दाखवल्या. एकीवर बोट ठेवलं, लगेच. "हा." मी "का बदललं" सांगायला लागले तर म्हणाले, "कागदाचं सांग. हा पावसात टिकेल?" डिसेंबरात कुठला पाऊस, बाबा! पण आवाज हसरा होता.

'मंगल परिणय'ही आलं. मोठ्या अक्षरात.

१९ ऑक्टोबर, शनिवार

छापखान्यात दोरीवर पत्रिका वाळत घातल्यात, कपड्यांसारख्या. निळं पान पंख्याच्या वाऱ्यात हलतंय. ठशावर शाई बरोबर बसली. एक-दोन ठिकाणी सरकली, त्या मी माझ्यासाठी ठेवल्या. बाबा सोबत आले होते. एका पत्रिकेपुढे हात मागे बांधून उभे राहिले, इन्स्पेक्शनला आल्यासारखे. छापखानेवाल्याला विचारलं, "इस पर स्याही फैलेगी तो नहीं? नाम मुझे हाथ से लिखने हैं." बॉलपेनने लिहा, तो म्हणाला. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. शेवटी लिफाफा बाँड पेपरचा घ्यायचं ठरलं. नावं त्यावर, शाईने.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात वाटल्या. सगळ्यांत आधी इशिता. उघडली, हुंगली. (सगळे हातकागद हुंगतात, का?) "ब्लू लीफ कित्ती गोड! ... नमो बुद्धाय... अच्छा, तुम्ही लोग बुद्धिस्ट आहात? कूल, यार! मेडिटेशन वगैरे करता?"

एवढंच! महिनाभर माझी झोप उडाली होती!

एवढंच मात्र नाही. अकाउंट्सचे माथुरसाहेब. पत्रिका वाचली, म्हणाले, "अच्छा." मग माझ्याकडे बघून, "अच्छाऽ." दुसरा अच्छा पहिल्यापेक्षा लांब होता. त्यांनी पत्रिका दोन बोटांनी टेबलाच्या कडेला ठेवली. मला राग येईल वाटलं होतं. आला. पण त्या रागात माझी मान वरच होती, हे मला नवीन आहे.

काकूंची पत्रिका इशिताबरोबर पाठवली. लिफाफ्यावर बाबांचं अक्षर.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

काकूंकडून काही नाही. इशिता म्हणाली, "आई अजीब वागतेय. तुझं कार्ड घेऊन खोलीत बसली होती. फ्लॅटचं विचारलं तर काही बोलतच नाही." विनय लक्ष्मीनगरला आणखी दोन घरं बघून आला. एका घरात खिडकी नाही, दुसऱ्यात बाकी सगळं नाही. आई-बाबांना आज सांगून टाकलं, मयूर विहारचं धरू नका. बाबा म्हणाले, "नव्हतंच धरलं." आईने धरलं होतं. तिने पडद्यांची मापंसुद्धा मनात घेतली होती. वाटाणे सोलत राहिली.

२७ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दार वाजलं. वैजयंतीकाकू, एकट्याच. आईने बसा म्हटलं, बसल्या नाहीत. भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर गेल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, पुढे पंचशील. सगळं पाठ, एकदाही न अडखळता. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"माझं माहेर बडनेऱ्याचं," काकू म्हणाल्या. "लग्नात सासऱ्यांनी माझ्या माहेरचं आडनाव बदललं. गावही बदललं. तीस वर्षांत कुणापुढे म्हटलं नव्हतं. ते कोरं कार्ड आणलंस ना, तेव्हा वाटलं, हिला घर नको द्यायला. माझ्यासारखी दुसरी नको त्या जिन्यात."

किल्ली आईच्या हातात ठेवली.

"इशिताला माहीत नाही," म्हणाल्या.

उद्या सोमवार. इशिता माझ्या समोरच्या टेबलावर बसते.